सातबारा कोणाच्या नावावर? कॉव्हेंट्री सिटी आणि भाड्याचे मैदान

#थ्रेड

१/
१८९२ साली लिव्हरपूल शहरात भाड्यावरून एक भांडण झाले. एव्हर्टन हा तेथील नामांकित क्लब अॅनफिल्डच्या मैदानावर खेळत असे. जागेवर हुकमत जॉन हौल्डिंग या मद्यउत्पादकाची. वर्षाचे भाडे १०० पौंडांवरून २५० पौंडांवर गेले, मने फाटली आणि एव्हर्टन गूडिसन पार्कला निघून गेला. हौल्डिंगकडे मैदान उरले, संघ उरला नाही. म्हणून त्याने नवा संघ उभा केला. त्याचे नाव लिव्हरपूल.

२/
ही कथा सांगताना आपण सहसा हसतो, कारण तिचा शेवट गोड झाला. एका भांडणातून दोन मोठे क्लब मिळाले. मात्र त्यातला धडा गोड नाही. संघ एकाचा आणि पायाखालची जमीन दुसऱ्याची असेल, तर संघाचे भवितव्य त्या दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेले राहते. सव्वाशे वर्षांनंतर हाच धडा कॉव्हेंट्री या शहराने फार मोठी किंमत देऊन गिरवला.

३/
कॉव्हेंट्री हे मध्य इंग्लंडमधले सायकली आणि मोटारी घडवणारे कामगारांचे शहर. १८८३ साली तेथील सिंगर सायकल कारखान्यातल्या कामगारांनी एक फुटबॉल संघ काढला. १८९८ मध्ये त्याचे नाव कॉव्हेंट्री सिटी झाले आणि पुढच्याच वर्षी तो हायफील्ड रोड या मैदानावर राहायला गेला. तेथे तो तब्बल १०६ वर्षे राहिला.

४/
हायफील्ड रोडचा इतिहास थोडका नाही. १९६७ साली वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्धच्या सामन्याला ५१,४५५ प्रेक्षक आले होते. १९८१ मध्ये जिमी हिल यांच्या कारकिर्दीत तेथे उभे राहून सामना पाहण्याची प्रथा मोडली आणि सर्व प्रेक्षकांना आसन देणारे ते इंग्लंडमधले पहिले मैदान ठरले. १९८७ मध्ये टॉटनहॅमला ३-२ असे हरवून क्लबने एफए चषक जिंकला. १९६७ ते २००१ अशी सलग ३४ वर्षे तो सर्वोच्च श्रेणीत होता.

५/
मग घात कोठे झाला? माझ्या मते, पुढे आलेल्या खलनायकांच्या आगमनापूर्वीच. नव्या भव्य स्टेडियमच्या स्वप्नापायी क्लबने हायफील्ड रोड विकासकाला विकले आणि स्वतःच्याच घरात भाडेकरू होऊन राहू लागला. नवे घर बांधून झालेले नव्हते, जुने हातातून गेले होते. त्यातच २००१ मध्ये पदावनती झाली आणि सर्वोच्च श्रेणीचे उत्पन्न आटले.

६/
जुन्या गॅसच्या कारखान्याच्या जागेवर ३२ हजारांहून अधिक आसनांचे रिको अरेना २००५ मध्ये उभे राहिले. पण तोपर्यंत पैशांची चणचण इतकी वाढली होती की क्लबने त्यातला आपला हिस्सा हिग्ज या धर्मादाय संस्थेला विकून टाकला होता. स्टेडियम चालवणारी कंपनी आता निम्मी नगर परिषदेची आणि निम्मी या संस्थेची होती. ज्याच्यासाठी घर बांधले, तोच घरात पाहुणा झाला.

७/
भाडे होते वर्षाला सुमारे १२ लाख पौंड. शिवाय सामन्याच्या दिवशी प्रेक्षक जे खातात, पितात, गाडी लावण्यासाठी जे मोजतात, त्यातली मोठी मिळकत क्लबच्या तिजोरीत येत नसे. इंग्लंडमधल्या मधल्या श्रेणींतले क्लब याच पैशांवर तगतात. भाडेकरूला भाडे द्यावे लागते हे आपल्याला दिसते, पण तो कमाईलाही मुकतो हे सहसा दिसत नाही.

८/
२००७ च्या अखेरीस सिसू या गुंतवणूक कंपनीने बुडू पाहणारा क्लब घेतला. २०१२ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि त्याच वर्षी क्लबने भाडे देणेच थांबवले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा २०१४ च्या निकालात न्यायाधीशांनी नोंदवले की हा केवळ अडचणीचा प्रश्न नव्हता. स्टेडियमच्या कंपनीला आर्थिक कोंडीत पकडून तिचा हिस्सा स्वस्तात मिळवण्याचा हा डाव होता.

९/
नगर परिषदेने स्टेडियमची कंपनी वाचवण्यासाठी तिला १ कोटी ४४ लाख पौंडांचे कर्ज दिले. सिसूने या कर्जालाच न्यायालयात आव्हान दिले आणि वर्षानुवर्षे खटले चालले. ते सिसू हरत गेली. पण दाव्यात कोण जिंकले याला मी फारसे महत्त्व देत नाही. घरमालक आणि भाडेकरू कोर्टाच्या पायऱ्या झिजवत असताना खरा मार तिसऱ्याच कोणाला तरी बसत होता.

१०/
२०१३ मध्ये क्लबची एक कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली, गुण कापले गेले आणि संघाने आपले बिऱ्हाड सुमारे ५५ किलोमीटर दूर नॉर्थॅम्प्टनला हलवले. आदल्या हंगामात घरच्या सामन्याला सरासरी दहा हजारांवर प्रेक्षक येत. आता ती सरासरी अडीच हजारांच्याही आत आली. अनेकांनी तिकीट न काढण्याची शपथच घेतली होती. काही जण मैदानाबाहेरच्या टेकडीवर उभे राहून आपलाच संघ दुरून पाहत.

११/
या टेकडीवरच्या माणसांकडे लक्ष द्या. ते संघ सोडून गेलेले नव्हते आणि शरणही गेलेले नव्हते. गावाबाहेर खेळणारा संघ आपला आहे, पण हे स्थलांतर आपले नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते. भाडेपट्ट्याच्या कोणत्याही कागदावर या माणसांची सही नव्हती आणि कोणी ती मागितलीही नव्हती.

१२/
सप्टेंबर २०१४ मध्ये संघ परतला. जिलिंगहॅमविरुद्धच्या त्या सामन्याला २७ हजारांवर लोक आले. शहराचे प्रेम आटले नव्हते, हे सिद्ध झाले. पण काही आठवड्यांतच बातमी आली की स्टेडियमची कंपनी वास्प्स या लंडनच्या रग्बी क्लबला विकली जात आहे, तीही २५० वर्षांच्या भाडेपट्ट्यासह. १८८३ पासून शहरात असलेला संघ आता बाहेरून आलेल्या संघाचा पोटभाडेकरू झाला.

१३/
नगर परिषदेची बाजू समजून घेता येते. थकलेले भाडे, खटले आणि करदात्यांचा पैसा यांच्या कात्रीत ती सापडली होती. तरीही मला हा निर्णय चुकीचाच वाटतो. सिसू आज आहे, उद्या नसेल, हे तेव्हाही दिसत होते. एका मालकावरचा राग काढताना अडीच शतकांचा करार करून टाकणे म्हणजे ढेकणासाठी घर जाळणे होय.

१४/
२०१९ मध्ये पुन्हा तेच घडले. खटले मागे घेतल्याशिवाय नवा करार नाही, अशी वास्प्सची अट होती. संघ बर्मिंगहॅमच्या सेंट अँड्र्यूज मैदानावर गेला आणि तेथे दोन हंगाम काढले. विशेष म्हणजे याच वनवासात त्याने २०२० मध्ये तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले. ऑगस्ट २०२१ मध्ये तो घरी परतला, तेव्हा स्टेडियमची पाटी बदललेली होती.

१५/
आणि तो २५० वर्षांचा भाडेपट्टा? वास्प्सला तो आठ वर्षेच पेलला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो रग्बी क्लब कर्जाखाली कोसळला. माइक अॅशले यांच्या फ्रेझर्स समूहाने स्टेडियम विकत घेतले आणि डिसेंबरमध्ये कॉव्हेंट्री सिटीच्या हाती जागा सोडण्याची नोटीस पडली. हंगाम अर्धा झालेला होता. तात्पुरता करार झाला, जानेवारी २०२३ मध्ये डग किंग यांनी क्लब घेतला आणि मे महिन्यात संघ सर्वोच्च श्रेणीच्या उंबरठ्यावर, ल्यूटनविरुद्ध पेनल्टींवर हरला.

१६/
ऑगस्ट २०२५ मध्ये किंग यांनी फ्रेझर्सकडून स्टेडियम घेतले. वीस वर्षांनी संघ आणि मैदान एका हाताखाली आले. शहरात आनंद झाला, तो रास्तच होता. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबू नये. एका हाताखाली आलेली वस्तू तोच हात विकूही शकतो.

१७/
ब्राइटनचे उदाहरण पाहा. गोल्डस्टोन मैदान त्यांचे होते, ते १९०२ पासून तेथे होते. १९९५ मध्ये क्लबच्याच कारभाऱ्यांनी ते विकासकांना विकले. १९९७ मध्ये मैदान गेले. मग दोन वर्षे जिलिंगहॅम, त्यानंतर अॅथलेटिक्सचे एक मैदान, आणि स्वतःचे घर मिळाले ते थेट २०११ मध्ये. म्हणजे भाडेकरू असणे धोक्याचे आहेच, पण चुकीच्या माणसाच्या हातची मालकीही सुरक्षित नाही.

१८/
यावर एक उत्तर चेल्सीकडे आहे. स्टॅम्फर्ड ब्रिजच्या जमिनीची मूळ मालकी चाहत्यांनी शेअर घेऊन उभारलेल्या कंपनीकडे आहे, आणि ‘चेल्सी फुटबॉल क्लब’ या नावाचा हक्कही तिच्याचकडे. २०११ मध्ये क्लबने ही जमीन परत मागितली. ७५ टक्के मते हवी होती, ती मिळाली नाहीत. अब्जाधीश मालकाला आपल्याच मैदानाच्या बाबतीत चाहत्यांचा नकार ऐकावा लागला!

१९/
ब्रिटनच्या संसदेनेही २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा केला. आता क्लबला स्वतंत्र नियामकाच्या संमतीविना घरचे मैदान विकता येणार नाही किंवा सोडता येणार नाही. हे पाऊल मोठे आहे. पण कायदा दाराला कुलूप लावतो, सातबाऱ्यावर कोणाचे नाव असावे हे तो ठरवत नाही. ते शहराने ठरवायचे असते.

२०/
आपल्याकडे हा प्रश्न आणखी उघडा आहे. मुंबई सिटी अंधेरीत महापालिकेच्या संकुलात खेळते, एफसी गोवा फातोर्ड्याच्या सरकारी स्टेडियमवर. भारतातले बहुतेक व्यावसायिक क्लब असेच भाडेकरू आहेत. सार्वजनिक मालकी वाईट नसते. पण करार किती वर्षांचा, कमाईत वाटा किती आणि वाद झाला तर संघ कोठे जाणार, हे प्रश्न चाहत्यांनी आजच विचारायला हवेत.

२१/
कॉव्हेंट्री सिटीचे भवितव्य आज पूर्वीपेक्षा उजळ आहे, पण निश्चिंत नाही. माझे मत स्पष्ट आहे. डग किंग यांना शहरासाठी कायमचे काही ठेवून जायचे असेल, तर त्यांनी मैदानावरचा एक हक्क, निदान ते विकण्यास नकार देण्याचा हक्क, चाहत्यांच्या संस्थेच्या नावे लिहून द्यावा. चषक कपाटात राहतात, मालक येतात आणि जातात. टेकडीवर उभे राहून संघ पाहणाऱ्यांच्या हाती मात्र एक कागद असायला हवा.