परिषदेत स्लाइड वाचू नका, संशोधन सांगा!
समजा, भंडाऱ्यातील विद्यार्थ्याने मामा तलावांवर दोन वर्षे संशोधन केले. परिषदेत दहा मिनिटे मिळाली. ती २५ स्लाइड वाचण्यात गेली. निष्कर्ष राहूनच गेला. इथे दोष कच्च्या इंग्रजीचा नाही, तयारीचा आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८मध्ये सुरू केलेल्या 'थ्री मिनिट थीसिस' स्पर्धेत अख्खी पीएचडी तीन मिनिटांत, एकाच स्लाइडवर मांडतात. मग दहा मिनिटे कमी कशी?

* पहिल्याच मिनिटात प्रश्न आणि मिळालेले उत्तर सांगा.
* एका स्लाइडवर एकच मुद्दा. तलावातला गाळ तक्त्याऐवजी आलेखात दाखवा.
* दुसऱ्या विषयाच्या मित्रासमोर घड्याळ लावून सराव करा.

महाविद्यालयांनीही आधी रंगीत तालीम घ्यावी. नाहीतर विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळेल, पण तलावावर जगणाऱ्या ढिवरांचा प्रश्न सभागृहात पोहोचणार नाही.