व्हेंटिलेटर निघाला, पुढे काय?

पावसाळ्यात राधानगरी, आजरा, चंदगड पट्ट्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मध्यरात्री मण्यार चावते. चावा दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळता येत नाही आणि बघता बघता छाती हलायची थांबते. वेळेत रुग्णालय गाठले तर जीव वाचतो. पण मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांना केलेली इजा प्रतिविषाने लगेच भरून येत नाही. ती टोके सावरेपर्यंत काही दिवस यंत्रानेच श्वास द्यावा लागतो.

व्हेंटिलेटर म्हटले की न्यूमोनिया किंवा कोरोना आठवतो. कोल्हापूरसारख्या शेतीच्या जिल्ह्यात मात्र अतिदक्षता विभागात असेही रुग्ण येतात, ज्यांची फुप्फुसे मुळात धडधाकट असतात. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातले कीटकनाशक पोटात गेलेला रुग्ण पहिल्या दिवसाच्या धोक्यातून बाहेर आला असे नातेवाइकांना वाटते आणि एक ते चार दिवसांत त्याला उशीवरून मान उचलता येईनाशी होते, श्वास पुन्हा मंदावतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात गुईलेन बॅरे सिंड्रोमचा (जीबीएस) उद्रेक झाला, तोही याच प्रकारातला. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. व्हेंटिलेटरवर किती, हा आकडा त्या काळात रोज छापून येत होता. व्हेंटिलेटर निघालेल्यांपैकी किती जण पुन्हा आपल्या पायांनी जिना चढले, हा आकडा कोणी विचारला नाही.

प्रश्न त्याच आकड्याचा आहे.

श्वास घेण्याचे बहुतेक काम श्वासपटल करते. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटासारखा स्नायू जन्मापासून एक दिवसही सुटी घेत नाही. व्हेंटिलेटर त्याचे काम स्वतःकडे घेतो आणि त्याला सक्तीची विश्रांती मिळते. ती किती महाग पडते, हे २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवले. मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले गेले. यंत्रावर १८ ते ६९ तास निपचित राहिलेल्या या दात्यांच्या स्नायुतंतूंच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याहून कमी भरले. म्हणजे एक ते तीन दिवसांत! हातापायांचेही तेच होते, फक्त थोडे सावकाश. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार दहा दिवसांत सरासरी १७.७ टक्क्यांनी घटला होता.

तालमीच्या गावाला हे वेगळे सांगायला नको. प्लॅस्टरमध्ये सहा आठवडे राहिलेला पैलवानाचा पाय बाहेर निघतो तेव्हा ओळखू येत नाही. फरक इतकाच, की पायाचे बारीक होणे डोळ्यांना दिसते, श्वासपटलाचे दिसत नाही. ते कळते व्हेंटिलेटर काढायचा प्रयत्न होतो तेव्हा. रक्तातला प्राणवायू ठीक, ताप नाही, एक्स-रे स्वच्छ. तरी यंत्र बंद केले की अर्ध्या तासात रुग्ण घामाघूम होतो, मानेचे स्नायू ताणून धापा टाकू लागतो. यंत्र पुन्हा जोडावे लागते. मूळ आजार गेलेला असतो, उरलेली असते अशक्तता. यंत्रावरचा प्रत्येक जादा दिवस जंतुसंसर्गाचा धोका वाढवतो आणि बिलही.

इथे फिजिओथेरपिस्टचे काम सुरू होते. खरे तर ते त्याआधीच सुरू व्हायला हवे. पहिल्या दिवसांत ते साधे दिसते: कुशीवर वळवणे, डोक्याकडची बाजू उंच ठेवणे, छातीतला कफ सैल करून बाहेर काढायला मदत करणे, सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवणे. मग गुंगीचे औषध कमी करून रुग्णाला जागे करायचे, नळी तोंडात असतानाच पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवायचे, जमल्यास उभे करायचे. नातेवाईक हे पाहून घाबरतात आणि ‘एवढ्या आजारी माणसाला कशाला त्रास देता’ असे विचारतात. रक्तदाब औषधांवर तरंगत असेल, प्राणवायू घसरत असेल, तर त्या दिवशी थांबायचेच असते. एरवी पडून राहणे हाच मोठा त्रास असतो.

श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम हा यातला वेगळा भाग. त्यासाठी मुठीत मावेल एवढ्या नळकांड्यात स्प्रिंगची झडप असते. ठरावीक जोर लावून श्वास आत ओढला तरच ती उघडते. जोर किती ठेवायचा, हे रुग्णाची ताकद मोजून ठरते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत व्हेंटिलेटर सुटत नसलेले ६९ रुग्ण होते. त्यांना आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला सहा ते दहा श्वासांचे चार फेरे, असा व्यायाम दिला. व्यायाम खरा मिळालेल्यांपैकी ७१ टक्क्यांचा व्हेंटिलेटर सुटला. नुसता दिखाऊ व्यायाम मिळालेल्यांपैकी ४७ टक्क्यांचा. वजन बेताचे, उठाव थोडे, मध्ये विश्रांती आणि रोज थोडी वाढ: हे गणित कोणताही वस्ताद ओळखेल.

कोरोनाच्या काळात घरोघरी आलेले तीन गोळ्यांचे यंत्र म्हणजे हे नव्हे. त्याने श्वास खोल घ्यायची सवय लागते, फुप्फुसाचे मिटलेले कोपरे उघडतात; स्नायूवर ठरवून भार मात्र पडत नाही. शिवाय अनेक जण त्यात फुंकर मारत बसले, जेव्हा श्वास आत ओढायचा होता.

एवढे सांगून थांबले तर चित्र फारच गुलाबी होईल. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या १०४ रुग्णांच्या अभ्यासाने लवकर व्यायामाची बाजू भक्कम केली होती. रुग्णालयातून निघताना आपली कामे आपण करू शकणारे व्यायामाच्या गटात ५९ टक्के होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३५. पण २०२२ मध्ये सहा देशांतल्या ७५० रुग्णांवरची मोठी चाचणी आली आणि तिने उत्साहाला लगाम घातला. जास्त आणि लवकर हालचाल करवलेल्या गटाला सहा महिन्यांनंतर वेगळा फायदा दिसला नाही. उलट हृदयाचे ठोके बिघडणे, प्राणवायू घसरणे असे प्रकार त्यांच्यात अधिक झाले.

मग फिजिओथेरपी निरुपयोगी ठरली का? या चाचणीचा तपशील पाहिला तर उत्तर मिळते. तिथे ‘नेहमीचे उपचार’ घेणाऱ्या गटालाही रोज सरासरी नऊ मिनिटे हालचाल मिळत होती, दुसऱ्या गटाला एकवीस. तुलना थोडे आणि जास्त यांची होती. काहीच नाही आणि काहीतरी यांची नव्हे. रोजच्या त्या नऊ मिनिटांचीच जिथे खात्री नाही, तिथे या निष्कर्षाचा आधार घेऊन हात झटकता येणार नाहीत.

आणि खात्री नाहीच. अनेक छोट्या खासगी रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट बाहेरून, दिवसातून एकदा, भेटीवर येतो. गुंगीचे औषध नेमके त्याच वेळी उतरलेले असेल असे नाही. रविवारी, सणाला फेरी चुकते. डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट एकाच वेळी एका पलंगाशी उभे राहिले तरच नळीसकट माणूस उठून बसतो. हे काम यंत्र विकत घेऊन होत नाही, म्हणून ते उद्घाटनाच्या फितीत कधी दिसत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्ट बातम्यांत आले, पण वेगळ्याच कारणाने. त्यांनी नावामागे ‘डॉ.’ लावू नये, असे पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढले आणि लगेच मागे घेतले. दोन्ही बाजूंच्या संघटना तावातावाने बोलल्या. अतिदक्षता विभागात किती रुग्णांमागे एक फिजिओथेरपिस्ट असावा, रात्रपाळी असावी का, हा विषय त्या गदारोळात निघाला नाही. रुग्णाच्या दृष्टीने उपाधीपेक्षा उपस्थिती मोलाची आहे.

मनुष्यबळ नाही, ही सबब या भागात तरी चालणारी नाही. कोल्हापूर, कराड, बेळगाव अशा जवळच्या शहरांतच फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत आणि त्यांतून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात. सीपीआर अर्थात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात जिल्ह्याबरोबर कोकणातून आणि सीमाभागातूनही रुग्ण येतात. हे रुग्णालय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. योगायोग असा, की सध्या वैद्यकीय शिक्षण खाते कागलच्या हसन मुश्रीफांकडे आणि सार्वजनिक आरोग्य खाते राधानगरीच्या प्रकाश आबिटकरांकडे आहे. दोन्ही खाती एकाच जिल्ह्यात असताना कर्मचाऱ्यांच्या आकृतिबंधात अतिदक्षतेसाठी फिजिओथेरपिस्टची स्वतंत्र पदे मागायला याहून चांगली वेळ कोणती?

घरी सोडल्यानंतरची अवस्था अधिक बिकट. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा खर्च पॅकेजने मिळतो आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी व औषधे त्यात धरलेली असतात. दहा दिवसांत हरवलेला स्नायू परत येत नाही. त्याला महिने लागतात. जीबीएसच्या रुग्णाला तर कधी वर्ष. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला यायचे म्हणजे गाडीभाडे आणि बरोबर येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी. दोन खेपांनंतर येणे थांबते. रुग्ण ओसरीवर बसून राहतो आणि ‘वाचला हेच खूप’ म्हणून घरचेही काही बोलत नाहीत.

यावर महागडा उपाय लागत नाही. सुटी देण्याआधी दोन दिवस घरच्या एका माणसाला शिकवता येते: खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठायचे, रोज किती पावले वाढवायची, धाप कितपत चालते आणि कुठे थांबायचे. पुढची विचारपूस फोनवरच्या व्हिडिओ कॉलवर होऊ शकते. गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी पंधरवड्याला तपासणी ठेवता येईल. नातेवाइकांनीही व्हेंटिलेटर लागल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच डॉक्टरांना विचारावे: गुंगी आज कमी करून पाहणार का, फिजिओथेरपिस्ट कधी येऊन गेले, रुग्णाला बसवायचे कधी? या प्रश्नांचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. ऊसतोडीच्या हंगामाआधी उभे राहायचे असलेल्या माणसाच्या घरात तर ते पहिल्याच दिवशी विचारले जातात, फक्त शब्द वेगळे असतात: ‘कामाला कधी लागंल?’