बर्गरमध्ये बटाटा कसा शिरला?



आज एक कोडं घालते. अमेरिकेत बर्गर म्हटलं की पावात बहुधा गोमांसाची टिक्की असते. मग आपल्याकडच्या बर्गरमध्ये बटाटा कुठून आला?

मॅकडोनाल्ड्स ही अमेरिकन कंपनी १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात आली. पहिलं दुकान दिल्लीत निघालं आणि पाठोपाठ मुंबईत, वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर. म्हणजे आमच्या विलेपार्ल्याहून लोकलने अवघं तिसरं स्टेशन! कंपनी जगभर पसरलेली, पण इथल्या गिऱ्हाइकापुढे तिला नमतं घ्यावं लागलं. गोमांस आणि डुकराचं मांस तिने इथे ठेवलंच नाही. शाकाहारी पदार्थ करायची जागा आणि भांडी वेगळी केली. सॉसमधलं अंडं काढलं. आणि पावात चक्क मसालेदार बटाट्याची टिक्की घातली!

"बाई, मग हा वडापावचाच भाऊ की!" असं म्हणाल तुम्ही. आहेच मुळी. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली, असं सांगतात. पण त्यातला पाव आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे आला. बटाटा आणि मिरची तर अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेली! तेव्हा बाहेरून आलं म्हणून वाईट, असं काही नसतं. आपल्या जिभेने मागितलं तसं ते बदललं आणि आपलं झालं.

पण दर वेळी असं होतं का? आता पार्ल्याचीच गोष्ट ऐका. या गावाचं नाव घेऊन 'पार्ले'ची बिस्किटं निघाली, तशी थंड पेयंही निघाली. गोल्ड स्पॉट, लिम्का, थम्स अप ही त्यांचीच. १९९३ मध्ये कोका-कोला कंपनी भारतात परतली आणि तिने ही पेयं विकत घेतली. थम्स अप लोकांनी सोडलं नाही, ते टिकलं. गोल्ड स्पॉट मात्र काही वर्षांत दुकानांतून गेलं आणि त्याच्या जागी फँटा दिसू लागलं. आईबाबांना विचारून पाहा. चव त्यांना आठवेल, पण तुम्हाला चाखवणार कशी?

आता थालीपीठाचं बघा. त्याची टीव्हीवर जाहिरात नाही, त्याच्यासोबत खेळणंही मिळत नाही. डब्याच्या सुट्टीत काही मुलं थालीपीठ झाकणाआड लपवून खातात. का बरं? लाज वाटावी असं त्यात काय आहे? तुम्ही मागितलं नाही, तर उद्या घरात भाजणी कोण भाजेल?

पालकांनाही एक सांगणं. चांगले मार्क मिळाले की बर्गर, आणि हट्ट केला की "गुपचूप भाजी-भाकरी खा"! अशाने बर्गर होतो बक्षीस आणि भाकरी होते शिक्षा. कधीतरी बक्षीस म्हणून गरम थालीपीठावर लोण्याचा गोळा द्या की!

या आठवड्याचा उपक्रम : घरात ज्यांना भाजणी येते, त्यांच्याकडून प्रमाण विचारून वहीत लिहा. "अंदाजाने घालते" हे उत्तर चालणार नाही हं! वाटी घेऊन मोजायला लावा. आणि एक थालीपीठ स्वतः थापा. वेडंवाकडं झालं तरी चालेल, मधलं भोक तेवढं विसरू नका!

तुमच्या बाई