घानात पाहण्यासारखे काय आहे?

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात घानाहून आलेला एक विद्यार्थी होता. तो वाणिज्य शाखेचा. पण ग्रंथालयात कादंबऱ्यांच्या कपाटापाशी आम्हा दोघांची त्याच्याशी ओळख झाली. या शहरात त्याला भाड्याची खोली मिळायला तीन महिने लागले होते, आणि ती का मिळत नव्हती हे त्याला आणि आम्हांला सारखेच ठाऊक होते. पदवी घेऊन परत जाताना त्याने विचारले, “सर, मॅडम, तुम्ही आमच्याकडे कधी येणार?” आम्ही हसून वेळ मारून नेली. पुढे ही गोष्ट शिक्षककक्षात निघाली तेव्हा एक सहकारी म्हणाले, “पण तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय?” त्यांच्या स्वरात कुत्सितपणा नव्हता. म्हणूनच बहुधा तो प्रश्न आमच्या मनात राहिला.

त्याचे सोपे उत्तर कोणत्याही पर्यटनपुस्तिकेत सापडते. काकुमच्या अरण्यात झाडांच्या शेंड्यांजवळून, सुमारे ४० मीटर उंचीवर टांगलेला दोरखंडांचा पूल आहे. कुमासीजवळच्या बोनवायर गावात विणकर अरुंद पट्ट्या विणतात आणि त्या एकमेकींना शिवून केंटे हे वस्त्र तयार होते. २०२४ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत या कलेची नोंद केली. आक्राच्या पूर्वेला टेशी येथे सुतार मासळीच्या, मोटारीच्या, कोकोच्या शेंगेच्या आकाराच्या शवपेट्या घडवतात. जन्मभर मासे पकडणारा माणूस अखेरीस माशाच्या पोटात बसून निरोप घेतो. (मृत्यूशी एवढी सलगी असलेला समाज आम्हांला तरी आवडतो.) पण अशा यादीने एखादा देश आकर्षक ठरतो, असे आम्हांला वाटत नाही. नवल कोठेही मिळते. घानाचे खरे आकर्षण अस्वस्थ करणारे आहे, आणि ते समुद्रकाठी आहे.

एल्मिनाचा किल्ला पोर्तुगिजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला, तो सोन्याच्या व्यापारासाठी. १६३७ मध्ये तो डचांकडे आणि १८७२ मध्ये इंग्रजांकडे गेला. तेथून थोड्याच अंतरावर केप कोस्टचा किल्ला आहे. सोन्यापेक्षा माणसांचा व्यापार किफायतशीर ठरू लागल्यावर या किल्ल्यांच्या तळघरांत पकडून आणलेली माणसे जहाजाची वाट पाहत कोंबून ठेवली जात. केप कोस्टला पुरुषांच्या तळघराच्या वरच प्रार्थनेची जागा होती. वास्तूच्या रचनेतच एवढे भाष्य असताना मार्गदर्शकाने आणखी बोलायचे ते काय! समुद्राकडे उघडणाऱ्या दाराला आज ‘परत न येण्याचे दार’ म्हणतात. १९९८ मध्ये अमेरिका आणि जमैका येथून आणलेले दोन गुलामांचे अवशेष याच दारातून उलट दिशेने आत नेले गेले. दाराच्या बाहेरच्या अंगाला आता ‘परतीचे दार’ अशी पाटी आहे.

व्हर्जिनियात आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले त्याला २०१९ मध्ये चारशे वर्षे झाली. ते निमित्त साधून घाना सरकारने ‘परतीचे वर्ष’ साजरे केले. कृष्णवर्णीय अमेरिकन मोठ्या संख्येने आले; त्या वर्षी शंभराहून अधिक जणांना नागरिकत्वही देण्यात आले. दुःखाचा बाजार मांडला, हा आक्षेप अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. सकाळी तळघर आणि रात्री गाण्याचा जलसा, हा कार्यक्रम आम्हांलाही खटकतो. तरीही ज्याचे पूर्वज त्या दारातून गेले त्याने तिथे कसे वागावे, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. शिवाय त्याचीही परीक्षा व्हायची राहत नाही. आपण घरी आलो असे समजून तो रस्त्यावर उतरतो आणि पोरे त्याला ‘ओब्रुनी’, म्हणजे परका, गोरा, अशी हाक मारतात. सायडिया हार्टमन यांच्या ‘लूज युअर मदर’ (२००७) या पुस्तकाची सुरुवात या हाकेनेच होते.

हा पेच आमा आटा आयडू (१९४२–२०२३) यांनी फार आधी ओळखला होता. ‘द डिलेमा ऑफ अ घोस्ट’ (१९६५) या त्यांच्या नाटकात शिकून परतलेला तरुण कृष्णवर्णीय अमेरिकन बायको घेऊन येतो, आणि गुलामांची लेक घरात आली म्हणून कुटुंब हवालदिल होते. ‘अनोवा’ (१९७०) त्याहून धारदार आहे. एकोणिसाव्या शतकातल्या त्या किनाऱ्यावर एक जोडपे व्यापारात वर येते. नवरा गुलाम विकत घेऊ लागतो, बायकोला ते सहन होत नाही. लहानपणी तिने आजीला समुद्रकाठच्या मोठाल्या घरांविषयी विचारलेले असते. आजी थोडे सांगते आणि मग नातीलाच दटावते. परकीयांनी किल्ले बांधले हे सांगणे सोपे असते. तिथवर माणसे कोणी पोचवली हे आजीला सांगवत नाही. वर्गात हा प्रसंग आला की एरवी कुजबुजणारे शेवटचे बाकसुद्धा शांत होते, असा आमचा अनुभव आहे. स्वातंत्र्य मिळून अवघी तेरा वर्षे झालेल्या देशातील एका तरुण लेखिकेने हे लिहिले. ज्या देशाचे साहित्य स्वतःला असा प्रश्न विचारते तो देश पाहावासा वाटतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यावर कोणी म्हणेल, हा हिशेब युरोपचा, आफ्रिकेचा आणि अमेरिकेचा, आपण तिऱ्हाईत. आम्हीही बराच काळ असेच समजत होतो. पण अठराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात जो माल उतरवला जाई, त्यात गुजरातचे आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचे सुती कापड फार मोठ्या प्रमाणात असे. विणणाऱ्या हातांना ते कोठे जाते हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आज आपल्याला ते ठाऊक नसण्याचे कारण नाही. कापडाच्या जोडीला कवड्या. मालदीवच्या कवड्या आधी युरोपात आणि तेथून जहाजे भरभरून पश्चिम आफ्रिकेत गेल्या, आणि विशेषतः घानाच्या पूर्वेकडील किनाऱ्यावर त्या मोजून माणसे विकत घेतली गेली. ‘कवडीमोल’ हा शब्द आपण कांद्याच्या पडलेल्या भावासाठी वापरतो. घानाच्या चलनाचे नाव आहे सेडी. अकान भाषेतील ज्या शब्दावरून ते आले त्याचा अर्थ कवडी. १९६५ मध्ये पौंड बाजूला सारून या नव्या राष्ट्राने ते नाव जाणीवपूर्वक स्वीकारले. आक्रात उतरल्यावर पैसे बदलून घेणाऱ्या मराठी प्रवाशाला आपण खिशात काय घालतो आहोत हे कळले, तर केप कोस्टच्या तळघरात त्याला तिऱ्हाईतासारखे उभे राहता येणार नाही.

त्या दाराबाहेर आज कोळ्यांची वस्ती आहे. रंगवलेल्या होड्या, वाळूवर पसरलेली जाळी, मासळीची देवघेव. आम्ही हे छायाचित्रांतच पाहिले आहे, हे कबूल केले पाहिजे. घानाला आम्ही अजून गेलेलो नाही. आमची सुट्टी मे महिन्यात येते आणि तेव्हा त्या किनाऱ्यावर पाऊस असतो. कोरडा काळ डिसेंबर-जानेवारीचा, म्हणजे रजा मागावी लागणार. यंदा ती मागायची असे ठरवून आम्ही त्या विद्यार्थ्याला कळवले. त्याचे उत्तर त्याच दिवशी आले: हॉटेल शोधू नका, आमच्याकडेच उतरा.