एकट्याचा चित्रपट आणि आपली समीक्षा

विक्रमादित्य मोटवाने दिग्दर्शित ‘ट्रॅप्ड’ (२०१७) या हिंदी चित्रपटात मुंबईतील प्रभादेवीच्या रिकाम्या टॉवरमध्ये, अन्न-पाण्याविना अडकलेला एकच माणूस बहुतांश काळ पडद्यावर दिसतो. समीक्षकांनी राजकुमार राव यांच्या अभिनयाचा गौरव केला. त्यांना फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कारही लाभला. हा गौरव यथार्थच आहे. परंतु संवाद विरळ होतात तेव्हा वस्तू बोलू लागतात. समीक्षेने त्यांचेही ऐकावे. पावसाचे पाणी भांड्यांत साठवणारा नायक पाहताना, मुसळधार पावसाच्या प्रदेशात राहूनही उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करणारा जव्हार-मोखाड्याचा प्रेक्षक जे जाणेल, ते महानगरातील समीक्षकाच्या नजरेतून निसटू शकते. ती जाण आपल्या स्वाध्यायात निःसंकोच मांडा. मात्र प्रत्येक विधानाला दृश्याचा आधार द्या.