सागरमाळावरची प्रशासक राजवट

मंडळी, पोस्ट जरा मोठी झालीय. सवडीनं वाचा, पण वाचा.

महापालिकेत नगरसेवक नसले की काय होतं, हे कोल्हापूरकरांना कुणी सांगायची गरज नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि नंतर वर्षानुवर्षं प्रशासकांनीच कारभार बघितला. त्या काळात पेठेत, उपनगरात एकच वाक्य ऐकू यायचं : "नळाला पाणी न्हाई, सांगायचं कुणाला?" नगरसेवक चांगला असो नाहीतर वाईट, सकाळी सकाळी त्याच्या दारात जाऊन बोंब मारता येते. पुढच्या वेळी बघून घेतो, असा दम तरी देता येतो. अधिकाऱ्याच्या केबिनबाहेर मात्र चिठ्ठी आत पाठवून बसून राहावं लागतं. लोकप्रतिनिधी असणं आणि नसणं यातला फरक एवढाच, पण रोजच्या जगण्यात तो फार मोठा असतो.

आपण त्या चार-पाच वर्षांत वैतागून गेलो. सागरमाळावर आपल्या शिवाजी विद्यापीठात आणि त्याच्याशी जोडलेल्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या कॉलेजांत विद्यार्थ्यांसाठी ही प्रशासक राजवट तीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे. आज शिकणाऱ्या पोरांचे आईबाप कॉलेजात होते, तेव्हाही त्यांनी कॉलेजात मत टाकलं नसेल.

थोडा इतिहास सांगतो, कारण नव्या पोरांना हा माहीतच नाही. १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्याआधीही निवडणुकांत राडे होत होते. मग थेट निवडणुका बंद करायचा निर्णय झाला आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं मार्कांवर निवड सुरू केली. वर्गात पहिला आला तो वर्गप्रतिनिधी. म्हणजे हुशार पोरगा अभ्यास सोडून आणखी एका कामाला जुंपला गेला आणि बाकीच्या वर्गाला तोंडच उरलं नाही. गंमत बघा, त्याच १९८९ साली देशानं मतदानाचं वय २१ वरून १८ केलं होतं. अठरा वर्षांच्या पोरानं आमदार, खासदार निवडावा, पण वर्गाचा प्रतिनिधी निवडू नये, असा हा कारभार.

२०१६ मध्ये नवा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला. त्यात विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका परत आणल्या. वर्गप्रतिनिधी, अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी प्रतिनिधी, एक मागास प्रवर्गातला प्रतिनिधी, सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. २०१९ मध्ये आता होणार, आता होणार म्हणून तयारी झाली. मग विधानसभा निवडणूक आहे म्हणून पुढे ढकलल्या. मग कोरोना आला. कोरोना गेला. विद्यार्थ्यांची निवडणूक काही आली नाही.

आता खरी बोचणारी गोष्ट. याच कायद्याखाली २०२२ मध्ये आपल्या विद्यापीठाच्या अधिसभेची निवडणूक झाली. प्राध्यापकांनी मतदान केलं, प्राचार्यांनी केलं, संस्थाचालकांनी केलं, नोंदणी केलेल्या पदवीधरांनीही केलं. आघाड्या झाल्या, पॅनेलं पडली, गुलाल उधळला. ज्यांच्या नावानं विद्यापीठ चालतं, फी ज्यांच्या खिशातून जाते, त्यांचं मत तेवढं राहिलं. पंगतीला सगळे बसले आणि ज्याचं लग्न तो नवरदेवच मांडवाबाहेर.

तुम्ही म्हणाल, निवडणूक झाली नाही म्हणून पोरांचं काय अडलंय? बरंच अडलंय.

चंदगड, शाहूवाडी, जत, पाटण इथून पोरं-पोरी शिकायला येतात. हॉस्टेलला नंबर लागला तर ठीक, नाहीतर राजारामपुरी, प्रतिभानगर, उजळाईवाडीकडं कॉट बेसिसवर राहायचं. एका खोलीत चार कॉट. डिपॉझिट परत मिळेल याची खात्री नाही, पावती नाही, भाडेकरार तर नाहीच. घरमालकांची बाजू मला माहीत आहे, पोरंही काही साधी नसतात. पण या दोघांच्या मध्ये बसून, बाबांनो एवढं भाडं, एवढं डिपॉझिट, हे नियम, असं ठरवणारं कुणीच नाही.

केएमटीचं घ्या. संध्याकाळी प्रॅक्टिकल सुटतं कधी आणि बस जाते कधी, याचा मेळ घालायला विद्यार्थ्यांच्या बाजूनं टेबलावर बसतो कोण? मुलींसाठी तर हा प्रश्न थेट शिकायचं की नाही इथपर्यंत जातो. "अंधार पडायच्या आत घरी ये" असं सांगणारा बाप वाईट नसतो. त्याला शेवटच्या बसचा भरवसा नसतो.

आणि नवं शैक्षणिक धोरण. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत ते लागू झालं. मेजर, मायनर, क्रेडिट, चार वर्षांची पदवी. शहरातल्या मोठ्या कॉलेजात निदान विषय निवडायला मिळतात. तालुक्याच्या कॉलेजात प्राध्यापकच दोन असतील तर निवडायचं काय? पदवीची अख्खी रचना बदलली. ज्याच्या आयुष्याची ती तीन-चार वर्षं आहेत, त्याचं म्हणणं मांडायला अधिकृत जागा कुठली? कायद्यात ती जागा आहे. विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव अधिसभेत बसतात. फक्त ते निवडून यायला हवेत ना.

विद्यार्थी संघटना आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत. डाव्या आहेत, उजव्या आहेत, पक्षांच्या आहेत. कधीकधी चांगलं लढतात. पण त्यांच्या हातात उरलंय ते निवेदन. वीसेक वर्षांच्या बातमीदारीत निवेदन देतानाचे इतके फोटो मी छापायला पाठवलेत की त्यांचा अल्बम होईल. पोरांचे चेहरे बदलतात, अधिकारी बदलतात, मजकूर बहुतेक तोच असतो : फेरतपासणीचे निकाल वेळेत लावा, शिष्यवृत्ती वेळेत द्या, हॉस्टेलचं पाणी बघा. निवेदन म्हणजे विनंती, साहेबांची मर्जी असेल तर काम होणार. निवडून आलेला प्रतिनिधी सभेत प्रश्न विचारतो आणि उत्तराची नोंद इतिवृत्तात करावी लागते.

आता विरोधातला मुद्दा. तो हलका नाही, म्हणून तो टाळत नाही. आईबापांना भीती वाटते की कॉलेजात पैसा येईल, गट येतील, राडा होईल, आमचं पोरगं केसमध्ये अडकेल. जिथं एक खून झालेला आहे तिथं या भीतीला हसायचं कारण नाही. लिंगडोह समितीनं २००६ मध्ये नियम घालून दिले : उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, हजेरी ७५ टक्के, वयाची मर्यादा, छापील पोस्टर नाहीत. तरी दिल्लीत काय चालतं ते दिसतंच. २०२४ मध्ये दिल्ली विद्यापीठात पोस्टरांनी भिंती इतक्या रंगवल्या की उच्च न्यायालयानं मतमोजणीच थांबवली. आधी घाण साफ करा, मग मतं मोजा, असं सांगितलं. नुसता नियम लिहून चालत नाही, तो पाळायला लावणारा लागतो, हे त्यातून कळतं.

पण निवडणूक बंद ठेवून राजकारण कॅम्पसबाहेर राहिलं का? आमच्या गावाकडच्या पोरांना विचारा. गोकुळच्या निवडणुकीत कुठला ठराव कुणाकडं, साखर कारखान्यात कुठला गट कुणाबरोबर, हे त्यांना तोंडपाठ असतं. नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत ज्यांचे बारके फोटो असतात, ती कॉलेजचीच पोरं. सभेला गाड्या भरतात तेव्हा गाडीत कोण असतं? राजकारण पोरांना वापरतंच आहे. पोरांना तेवढं राजकारण वापरता येत नाही. वर्गातल्या साठ जणांसमोर उभं राहून "मला मत द्या, मी हे करेन" म्हणायचं, हरायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसायचं. हे शिक्षण फ्लेक्सवर मिळत नाही.

गेल्या काही वर्षांत विद्यापीठ शहरात सगळ्यात जास्त कधी गाजलं आठवतंय? मार्च २०२५ मध्ये, नावाच्या वादावरून. 'शिवाजी विद्यापीठ' हेच नाव राहावं की 'छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ' व्हावं. मोर्चा निघाला, विरोधात सभा झाल्या, भाषणं झाली. त्या वादात मी आज शिरत नाही, दोन्हीकडं महाराजांवर प्रेम करणारीच माणसं आहेत. मला खटकलं ते वेगळंच. विद्यापीठाबद्दल सगळं शहर बोलत होतं आणि तिथं शिकणाऱ्यांच्या वतीनं अधिकारानं बोलेल असा एकही माणूस नव्हता.

हे शहर लढायला कमी पडत नाही. टोल घालवला. सर्किट बेंचसाठी वकिलांबरोबर सामान्य माणूस वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात याच कॉलेजच्या पोरांनी पाण्यात उतरून जेवणाची पाकिटं पोचवली, तेव्हा "आमची पोरं" म्हणून आपण त्यांचं कौतुक केलं. त्याच पोरांना मताचा अधिकार द्यायचा विषय निघाला की ती एकदम अजाण कशी होतात?

शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क, एकेक बोर्डिंग उभं राहत गेलं. शाळा काढून भागत नाही, खेड्यातलं पोरगं शहरात राहणार कुठं, हा प्रश्न या गादीनं सव्वाशे वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता. आज आपण जयंतीला हार घालतो. हा प्रश्न विचारायचा मान आता तिथं राहणाऱ्या पोरांनाच द्या.

म्हणून तीन गोष्टी मागतो.

एक, सरकारनं पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकातच विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तारीख टाकावी. परीक्षेची तारीख आधी ठरते, तशी ही ठरू दे.

दोन, तोपर्यंत हॉस्टेल, मेस आणि ग्रंथालयाच्या समित्यांवर मुलांनी मतदानानं निवडलेले प्रतिनिधी घ्यावेत. यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट बघायचं कारण नाही, इथली इच्छा पुरेशी आहे.

तीन, केएमटी आणि महापालिकेनं वर्षातून दोनदा तरी विद्यार्थ्यांबरोबर बैठक घ्यावी. विषय दोनच, बस आणि भाड्याच्या खोल्या. इतिवृत्त जाहीर करावं.

आणि तुम्ही-आम्ही पदवीधरांनी एक करायचं. अधिसभेची मुदत पाच वर्षांची असते, २०२२ ची निवडणूक झाली, पुढची काही लांब नाही. पदवीधर नोंदणीचे फॉर्म घेऊन कार्यकर्ते दारात येतील. फॉर्म भरा, चहा पाजा, आणि एवढंच विचारा : "माझं मत मागायला आलास, माझ्या पोराचं मत कुठं हाय?"

उत्तर काय मिळालं ते मला नक्की कळवा. ते मी नावानिशी छापेन.