दुधाचे दात, साखरेचा नफा

तीन वर्षांच्या मुलाचे पुढचे दात किडले की सारे जण आईकडे बोट दाखवतात. रात्री तोंडात बाटली का दिली, असा तिला जाब विचारला जातो. पहाटे कामावर जाणाऱ्या बाईपुढे दुसरा मार्ग कोणता होता, हे मात्र कोणी विचारीत नाही. झोपेत लाळ कमी सुटते, दातांवर साचलेल्या साखरेचे जंतू आम्ल करतात. हे शास्त्र खरेच. पण बाळाच्या तोंडापर्यंत साखर आणली कोणी?

एप्रिल २०२४ मध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने भारतातील सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यामागे सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर दाखवून दिली. जर्मनी-ब्रिटनमधील सहा महिन्यांच्या बाळांसाठीच्या गव्हाच्या सेरेलॅकमध्ये अशी साखर नव्हती. आम्ही कायद्याच्या मर्यादेतच आहोत, असे नेस्लेचे म्हणणे. मग ही मर्यादा कोणाच्या सोयीची? गवगवा झाल्यावर त्याच वर्षी कंपनीने रिफाइंड साखर नसलेले प्रकार आणले. म्हणजे ते अशक्य कधीच नव्हते! ज्यांना सेरेलॅक परवडत नाही, त्यांच्या लेकरांना चहात बुडवलेले बिस्किट आहेच.

'दुधाचे दात, पडणारच' हे समाधानही फसवे आहे. दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकाव्या लागतात. ठणक लागलेले मूल धड जेवत नाही, झोपत नाही. दात न कोरता कीड थोपवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याने डाग काळा पडतो, पण ठणका टळतो. अंगणवाडीतील मुलांना ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळालेच पाहिजे, आणि बालआहारातील साखरेवर कायद्याने बंदी आली पाहिजे.